तोफेतील वायूचे कार्य

झाशीच्या किल्ल्यात ‘कडक बिजली’ व ‘भवानीशंकर’ या तोफा आजही पाहावयास मिळतात. १८५८ च्या मार्चमध्ये ह्यू रोजच्या सैन्याने शहरास वेढा घातला, तेव्हा वरसईचे विष्णुभट गोडसे झाशीतच होते. त्या वेढ्यात दोन्ही बाजूंचे गोळे फेकले ते वायूंनी.

तोफेची दारू म्हणजे सोरा, गंधक व कोळसा यांचे मिश्रण. ती जळली की नायट्रोजन व कार्बन डायऑक्साइड हे वायू निर्माण होतात; उरलेल्या घन भागाचा दाट धूर होतो. आदर्श समीकरणानुसार २७ ग्रॅम दारूचे वायू ०° सेल्सियस तापमानास व वातावरणाच्या दाबाखाली सुमारे ९ लिटर जागा व्यापतात. मूळ दारू मात्र चहाच्या पेल्यात सहज मावेल! एवढी जागा मिळविण्यासाठी वायूंना भोवतालची हवा मागे रेटावी लागते. दाब व आकारमानातील वाढ यांचा गुणाकार म्हणजे हे कार्य होय. येथे ते सुमारे ९०० ज्यूल भरते. ९० किलोग्रॅमचे ओझे एक मीटर उचलण्यास जवळजवळ तेवढेच लागते.

तोफेच्या नळीत वायू तप्त व कोंडलेले असल्याने दाब कितीतरी पट अधिक असतो, आणि त्याचा रेटा गोळ्यावर बसतो. गोळा अडकलाच, तर आकारमान वाढत नाही व कार्यही घडत नाही. मग सारी उष्णता वायूतच राहते, दाब चढत जातो आणि प्रसंगी तोफच फुटते.