लाल सॉसचं गढूळ गुपित

हॉटेलातला लाल सॉसचा पास्ता घरी तसा का होत नाही, असं विचारणारी मंडळी हटकून मसाल्याच्या मागे लागतात. ओरेगॅनोच्या पुड्या, चिमूटभर साखर, आणि शेवटी हताश होऊन केचप! नेपल्सच्या एका खाणावळीत मला बसायला जागा मिळाली ती नेमकी स्वयंपाकघरासमोर. जेवणापेक्षा तिकडेच बघत राहिलो. एकाच भल्यामोठ्या पातेल्यात खेपेमागून खेप पास्ता शिजत होता, आणि रात्रीपर्यंत ते पाणी पेजेसारखं दाट झालं होतं. आचारी ते जपून वापरत होता. त्या पाण्याकडे येतोच.

इतिहास थोडक्यात उरकतो. टोमॅटो मूळचा अमेरिका खंडातला, स्पॅनिश लोकांमार्फत युरोपात आला. नेपल्समध्ये १६९०च्या दशकात छापलेल्या अंतोनिओ लातिनीच्या पाकपुस्तकात टोमॅटोचा सॉस आहे, पण तो पास्त्यासाठी नाही. इप्पोलितो काव्हालकांतीच्या १८३९च्या पुस्तकात शेवया आणि टोमॅटो एकत्र भेटतात. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

व्हेसुव्हियसच्या राखेच्या जमिनीतला सान मार्झानो टोमॅटो लांबट, गरदार आणि कमी बियांचा. तो डबाबंद मिळतो, पण महाग. नारायणगावच्या बाजारात क्रेटच्या क्रेट पाहिल्यावर मला त्याची फारशी खंत उरली नाही. लांबट, घट्ट टोमॅटो निवडा आणि पूर्ण लाल होईपर्यंत ओट्यावर ठेवा. फ्रिजमध्ये त्यांचा वास मरतो. चीर देऊन अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात टाका, सालं काढा आणि पुरणयंत्रातून फिरवा. हो, पुरणयंत्रच! इटालियन घरांत यासाठी असंच हाताने फिरवायचं यंत्र असतं. मिक्सरमध्ये हवा मिसळून सॉस फिका, नारिंगी होतो. बियांभोवतीचा गर मात्र टाकू नका, ग्लुटामेटची चव तिथेच जास्त असते.

एक किलो टोमॅटोला चार चमचे ऑलिव्ह तेल, ठेचलेल्या चार-पाच लसूण पाकळ्या आणि मीठ. पसरट स्टीलच्या कढईत वीस-पंचवीस मिनिटं, झाकण न ठेवता. लोखंडी कढई नको, आंबटपणाने तिची चव उतरते. बेसिल शेवटी. इटालियन पाककृतींची पुस्तकं लिहिणाऱ्या मार्चेल्ला हझान यांची तऱ्हा निराळी: टोमॅटो, लोणी, मधोमध चिरलेला कांदा, मीठ, आणि पाऊण तास मंद आच. विज्ञानात डॉक्टरेट मिळवलेल्या या बाईंचं पहिलं पुस्तक १९७३चं. तो कांदा शेवटी काढून टाका, असं त्या सांगतात. आमच्याकडे तो पोळीबरोबर संपतो.

आता पाणी. पास्ता शिजताना त्यातला स्टार्च पाण्यात उतरतो. तेल आणि टोमॅटोचं पाणी एरवी एकमेकांपासून फुटून निघतात. स्टार्च दोघांना धरून ठेवतो. मग सॉस पास्त्याला चिकटतो, ताटलीच्या तळाशी लालसर पाण्याचं तळं साचत नाही. घरी आपण एकदाच पास्ता शिजवतो, तोही भरपूर पाण्यात, म्हणून ते पातळच राहतं. उपाय सोपा: पाणी कमी घ्या. ४०० ग्रॅम पास्त्याला दोन लिटर पुरतं, सुरुवातीला ढवळत मात्र राहायला हवं. स्वयंपाकाच्या विज्ञानावर लिहिणाऱ्या हॅरॉल्ड मॅगी यांनी २००९मध्ये कमी पाण्याची बाजू मांडली तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या. मला ती पटते.

पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी पास्ता काढा आणि थेट कढईतल्या सॉसमध्ये टाका. डावभर गढूळ पाणी घालून आच मोठी करा, कढई हलवत राहा. पास्ता उरलेला शिजतो तो सॉस पिऊनच. वरून ओतलेल्या सॉसला ही चव येत नाही, मग टोमॅटो कुठलाही आणा. सॉस डब्यात भरून फ्रीजरमध्ये महिनाभर ठेवता येतो. पास्त्याचं पाणी मात्र मंडळी ताटावर बसायच्या बेतात असतील तेव्हाच चढवा.