पश्चिम विदर्भातील नैराश्य आणि सामाजिक-आर्थिक परिस्थिती

नैराश्य हा सततची खिन्नता, निरुत्साह, झोप व भूक यांतील बदल आणि निरर्थकतेची भावना ही लक्षणे असलेला मानसिक आजार आहे. आनुवंशिकतेप्रमाणेच गरिबी, कर्ज, बेरोजगारी व एकाकीपणा यांमुळेही प्रौढांमध्ये त्याचा धोका वाढतो. शेतकरी आत्महत्यांमुळे पश्चिम विदर्भात या संबंधाकडे विशेष लक्ष वेधले गेले.

आर्थिक घटक

वाशिम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यासारख्या भागांत सोयाबीन, कापूस व तूर ही पिके मुख्यतः पावसावर अवलंबून असतात. पीक बुडाले किंवा भाव पडला, तरी कर्जाची परतफेड टळत नाही. एका हंगामातील थकबाकी पुढील हंगामाच्या कर्जात भर घालते व ताण कायम राहतो. नैराश्यामुळे कार्यक्षमता घटून उत्पन्न आणखी कमी होते.

सामाजिक घटक

थकबाकीमुळे प्रतिष्ठा गेल्याची भावना, लग्नकार्याचा खर्च व व्यसनाधीनता यांमुळे ताण वाढतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये नैराश्य अधिक आढळते. लोकलज्जेपोटी अनेकजण उपचार टाळतात.

उपाययोजना

केंद्र सरकारने २००६ मध्ये वाशिमसह विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले; त्याचा भर कर्ज व सिंचनावर होता. राज्य शासनाने २०१५ मध्ये शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाचे मूल्यमापन झाले. त्यात प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांमार्फत समुपदेशन केल्यावर उपचार घेणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते.