पॅरिसचे प्लास्टर आणि ऊर्कचा कालवा

पोराचा हात मोडला की डॉक्टर प्लास्टर घालतात. गणपती जवळ आले की ‘पीओपी’च्या मूर्तींवरून वाद झडतात. त्या ‘पी’मधले पॅरिस मात्र कुणाला आठवत नाही.

ते पॅरिस पाहायचे तर आयफेल टॉवरकडे पाठ करून शहराच्या ईशान्येला, ला व्हिलेतच्या तलावावर जावे. इथे ऊर्क कालवा येऊन मिळतो. नेपोलियनने १८०२ मध्ये त्याचा हुकूम काढला तो मुख्यतः शहराला पाणी मिळावे म्हणून. पण पाण्यामागून मालही आला: लाकूड, धान्य आणि प्लास्टर. मी काठाकाठाने पाँताँ, बोबिन्यी करत पूर्वेकडे चालत गेलो. उजव्या अंगाला रोमँव्हिलपासून व्होजूरपर्यंत टेकड्यांची रांग दिसते. या टेकड्यांच्या पोटात जिप्सम आहे.

जिप्सम म्हणजे पाणी धरून बसलेला दगड. साधारण दीडशे अंशांवर भाजला की त्यातले तीन चतुर्थांश पाणी उडून जाते आणि पांढरी भुकटी उरते. तिच्यात पाणी कालवले की ती गेलेले पाणी परत घेते, गरम होते आणि पाहता पाहता दगड होऊन बसते. जुनी भट्टी अगदी साधी होती. तीन भिंती आणि वर फटी ठेवलेली कौले. जिप्समच्याच धोंड्यांच्या बुटक्या कमानी रचायच्या, खाली लाकडे पेटवायची. तळचा माल करपायचा, वरचा कच्चा राहायचा. सगळा एकत्रच कुटत. पॅरिसचे नामांकित प्लास्टर म्हणजे ही मिसळ!

लंडन १६६६ मध्ये जळाले. त्याचा धसका घेऊन चौदाव्या लुईने १६६७ मध्ये लाकडी घरांना प्लास्टरचा लेप सक्तीचा केला. त्यात युक्ती होती. आगीचा जोर आधी त्या लेपातले पाणी उडवण्यातच खर्ची पडतो.

पण शहर उभे राहिले ते टेकड्या पोखरून. १७७८ मध्ये मेनिलमोंताँला जमीन खचली आणि सात माणसे गाडली गेली. ब्युत-शोमाँची सुंदर बाग, जिथे आज मुले बागडतात, तीही जुन्या खाणींवरच १८६७ मध्ये फुलवलेली.

कालव्याच्या वरच्या, अरुंद भागातली मालवाहतूक १९६० च्या सुमारास थांबली. आता काठाने सायकली धावतात. व्होजूरच्या खाणी मात्र संपलेल्या नाहीत. तिथल्या जुन्या किल्ल्यात फ्रान्सच्या अणुखात्याने १९९७ पर्यंत अणुबाँबसाठी स्फोटकांच्या चाचण्या घेतल्या, त्यांत युरेनियमही वापरले. त्याच किल्ल्याखाली जिप्सम आहे आणि प्लास्टर कंपनीला ते हवे आहे. खणताना उडणाऱ्या धुळीत काय असेल, हे आसपासचे रहिवासी वर्षानुवर्षे विचारत आले आहेत. मला त्यांचा प्रश्न रास्त वाटतो. वारसा म्हणून भट्टीचे चित्र भिंतीवर लावणे सोपे; त्या मातीत आणखी काय मिसळले आहे ते उघड करणे महागात पडते, आणि तो खर्च सहसा शेजाऱ्यांच्या माथी येतो.