दोन नळ्यांची सांगड

यंदाच्या अंकाचा विषय ‘पाणी’ ठरला आणि मी म्हटलं, मी पाँटून बोटीवर लिहिते, तर मंडळाच्या बैठकीत सगळे हसले. वाङ्मय मंडळाच्या अंकात बोटखरेदी! पण गेल्या सुट्टीत मी महिनाभर दुसरं काही केलेलंच नाही. आजीला मिनेसोटाला मावशीकडे घेऊन जायचं होतं, सोबत कुणीतरी हवं होतं, आणि आम्ही पोचलो तेव्हा तिथे घरात एकच वाद चालू होता: बोट घ्यायची का, आणि घ्यायची तर कुठली?

या वादाला एक जुनी गोष्ट चिकटलेली आहे. माझ्या आईचं आणि मावशीचं माहेर शिवोली. त्यांचा धाकटा भाऊ शापोरा नदीत बुडाला, तेव्हा मावशी चौदा वर्षांची होती. त्यानंतर ती होडीत चढलेली नाही. आणि लग्न होऊन गेली कुठे, तर जिथे चार हेक्टरांहून मोठी अकरा हजारांवर तळी आहेत त्या राज्यात! काकांना (मावशीच्या यजमानांना) पाण्याची हौस, सहा वर्षांच्या नीलला तर त्याहून जास्त. मावशीने शेवटी एक अट घातली. “बोट आणा, पण मी बसेन अशी आणा.” ही अट साधी वाटते, पण त्यातच सगळं आलं.

पाँटून म्हणजे काय ते आधी सांगते, कारण मलाही माहीत नव्हतं. ॲल्युमिनियमच्या दोन लांब बंद नळ्या समांतर ठेवायच्या, त्यांच्यावर सपाट फळी टाकायची, कडेने कठडा, आत सोफे, वर छत, मागे मोटर. झाली बोट. १९५२ साली मिनेसोटातल्याच रिचमंड गावच्या ॲम्ब्रोज वीअर्स या शेतकऱ्याने लोखंडी पिंपं एकापुढे एक वेल्ड करून दोन रांगा केल्या आणि त्यांवर लाकडी डेक बसवला. आज तिकडे प्रत्येक तळ्याच्या काठाला दिसतात त्या या बोटी तिथून सुरू झाल्या. आजीने पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती म्हणाली, “अगो, हे तर सांगोड!” बरोबरच होतं. शिवोलीला २४ जूनला, सांजांवच्या दिवशी, दोन होड्या एकमेकींना बांधून वर फळ्या टाकतात आणि सजवून मिरवतात, तेच सांगोड. कुंभारजुव्याला गणपती विसर्जनाला तसंच करतात. मराठीत आपण ‘सांगड घालणे’ सहज म्हणतो, ती सांगड मुळात हीच. दोन होड्या किंवा दोन भोपळे एकत्र बांधलेले.

दोन होड्या बांधल्या की एक फायदा लगेच होतो, बोट कलंडत नाही. साध्या होडीत एका बाजूला उभं राहिलात तर ती त्या बाजूला झुकते. पाँटूनमध्ये तरंगणारा भाग मध्यभागी नसून दोन्ही कडांना असतो, त्यामुळे आजी काठी टेकत एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेली तरी डेक जवळजवळ हलत नाही. शिवाय डेक जेटीच्या उंचीला येतो आणि कठड्याला फाटक असतं. पाय उंच उचलून, कुणाचा तरी हात धरून उडी मारावी लागत नाही. ज्यांच्या घरात गुडघ्यांची किंवा कंबरेची दुखणी आहेत त्यांच्यासाठी मला वाटतं एवढं एक कारण पुरे.

आता निवड. काकांना तीन नळ्यांची हवी होती, तिला ट्रायटून म्हणतात, आणि मागे १५० हॉर्सपॉवरची मोटर. तिसरी नळी मध्ये असली की बोट जास्त वजन घेते, वळणावर आत झुकते, लाटांत कमी आपटते. मोठ्या पाण्यावर ती हवीच. मिल लॅक्ससारखं विस्तीर्ण आणि उथळ तळं असेल तर वारा सुटल्यावर लाटा चटकन उठतात. पण मावशीच्या घराजवळचं तळं इतकं लहान की पलीकडच्या काठावरचा कुत्रा दिसतो. तिथे १५० ची मोटर म्हणजे खानापूर रोडवर रेसची गाडी.

मी तेव्हा नळ्यांच्या जाडीचा हिशेब केला. (बारावी सायन्स करून साहित्याकडे आलेल्या मुलीचा काहीतरी उपयोग व्हावा ना.) २० फूट लांब आणि २५ इंच व्यासाच्या दोन नळ्या अर्ध्या पाण्यात गेल्या तर सुमारे १९०० किलो पाणी बाजूला सारतात, म्हणजे तेवढं वजन पेलतात. टोकं निमुळती असतात म्हणून थोडं कमी धरा. त्यातून बोट, मोटर, पेट्रोल यांचे हजारएक किलो वजा केले की उरतात माणसं, सामान, बर्फाची पेटी. हाच व्यास २३ इंच असेल तर तेवढ्याच लांबीत अंदाजे ३०० किलो कमी होतात. दोन इंचांत चार माणसं गेली! नुसती लांबी विचारू नका, व्यास विचारा. आणि नळीच्या आत आडव्या भिंती घालून वेगवेगळे कप्पे केलेत का तेही विचारा. एका ठिकाणी भोक पडलं तरी बाकीचे कप्पे कोरडे राहतात.

बोटीवर एक पाटी असते, किती माणसं, किती वजन, किती मोठी मोटर. एका विक्रेत्याने आम्हाला ती दाखवून सांगितलं, “अकरा जण आरामात.” मी सोफे मोजले, जागा नऊच होत्या. पाटीवरचा आकडा ही कमाल मर्यादा असते, पिकनिकचं आमंत्रण नव्हे. त्यात सगळे एकाच वेळी पुढे फोटो काढायला गेले तर पुढचं टोक दबतं आणि लाटेचं पाणी डेकवर येतं.

नवी साधी बोटसुद्धा वीस-तीस हजार डॉलरच्या घरात जाते, म्हणून आम्ही जुन्या पाहायला लागलो. तिथे मला खरी मजा आली. पहिल्याच बोटीत मावशी कोपऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, “इथे पाय दबतोय.” वर सुंदर गालिचा, खाली प्लायवूड कुजलेलं. गालिचा ओल धरून ठेवतो. व्हिनाइलची जमीन असेल तर पुसता येते. म्हणून जुनी बोट पाहताना सगळ्या डेकवर, विशेषतः कडांना आणि मोटरजवळ, चालून बघायचं. मग खाली वाकून नळ्या पाहायच्या: पोचे, वेल्डिंगच्या जागी भेगा, एक नळी दुसरीपेक्षा खाली बसलीय का. बसली असेल तर आत पाणी शिरलेलं असू शकतं. मोटर किती तास चालली ते विचारायचं आणि पाण्यात सोडून चालवून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. हे शेवटचं काकांना पटवायला मला दोन दिवस लागले.

मोटरच्या बाबतीत फार छोटी घेण्यातही शहाणपण नाही. पाँटूनचा देह चौकोनी, वर छत, त्यामुळे वारा तिला शिडासारखी ढकलतो. अशक्त मोटर असली की जेटीला लावताना बोट भलतीकडेच जाते. शेवटी आम्ही २० फुटी, २५ इंची दोन नळ्यांची, ६० हॉर्सपॉवरची चार-स्ट्रोक मोटर असलेली घेतली. काका आठवडाभर थोडे फुगून होते.

पण मावशीची अट अजून पुरी झाली नव्हती. तिने मला विचारलं, “या बोटीवर माणूस मरतो कसा ते सांग.” मी गप्प झाले. मग शोधून सांगितलं. बोट उलटून बहुधा नाही. पुढच्या फाटकाबाहेर डेकचा एक पट्टा असतो, मुलं तिथे पाय सोडून बसतात. बोट चालू असताना तिथून पडलं की माणूस सरळ दोन नळ्यांच्या मधे जातो आणि मागे मोटरचा पंखा असतो. म्हणून बोट चालू असताना सगळी फाटकं बंद, सगळे कठड्याच्या आत. पोहायला उतरायचं तर मोटर आधी पूर्ण बंद. आणि मागच्या शिडीजवळ मोटर चालू ठेवून रेंगाळायचं नाही, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वासही येत नाही.

मिनेसोटात दहा वर्षांखालच्या मुलाने चालत्या बोटीत लाइफ जॅकेट घालणं कायद्याने सक्तीचं आहे. बाकी प्रत्येकासाठी अंगाला बसणारं एकेक जॅकेट बोटीवर असलं पाहिजे, आणि १६ फूट वा त्याहून लांब बोटीत फेकता येईल असं एक तरंगतं साधनही. मुलांची जॅकेटं वयावर नाही, वजनावर घेतात. ‘वाढत्या अंगाचं’ घ्यायची आपली सवय इथे घातक. नील २१ किलोचा, म्हणून १४ ते २३ किलोवालं घेतलं. घातल्यावर दोन्ही खांद्यांशी धरून वर उचलायचं, हनुवटी-कान जॅकेटात गेले तर ते मोठं आहे. मावशीने नीलला दुकानात सहा वेळा उचललं. दुकानदार बघत राहिला.

आणखी एक, जे विक्रेते शेवटी घाईत सांगतात. तळ्यातून बोट काढली की त्यावरचं शेवाळ, वनस्पती काढून, पाणी पूर्ण निथळवूनच रस्त्याला लागायचं, असा तिथला कायदा आहे. झीब्रा शिंपल्यांसारखे परके जीव असेच तळ्यातून तळ्यात जातात. जुनी जेटी किंवा बोट उचलून ठेवायची लिफ्ट दुसऱ्या तळ्यात टाकायची तर आधी २१ दिवस कोरडी ठेवावी लागते. आमची लिफ्ट अशीच अंगणात पडून होती आणि नील रोज कॅलेंडरवर फुली मारत होता.

जूनच्या दुसऱ्या रविवारी, मिस्सा झाल्यावर, आजी फाटकातून आत जाऊन बसली. नील बसला. मावशी जेटीवर उभी होती. ती जॅकेट घालून आली होती, पट्टे आवळलेले. कुणी काही बोललं नाही. काकांनी मोटर सुरू केली नव्हती, एवढं बरं केलं. आजीने शेजारच्या जागेवरची पर्स उचलून मांडीवर घेतली. मावशी आत आली, फाटक स्वतः लावलं, दोनदा हलवून बघितलं आणि आजीच्या बाजूला बसली.

आम्ही किनाऱ्याकिनाऱ्याने अर्धा तास फिरलो. ऑक्टोबरमध्ये तळं गोठायच्या आधी त्यांनी बोट बाहेर काढली, बॅटरी तळघरात नेली, पेट्रोलमध्ये टिकण्याचं औषध घातलं. त्या महिन्यात मावशीने पाठवलेल्या फोटोत बोटीवर ताडपत्री चढलीय, आणि सुकाणूमागच्या खुर्चीला तिचं जॅकेट टांगलेलं दिसतंय. काकांची खुर्ची बाजूची आहे.