डोक्याचा प्रश्न

या अंकासाठी मी मोटारसायकलच्या हेडवर लिहिणार आहे असे वर्गात सांगितले, तेव्हा एका मित्राने विचारले, ‘अरे, तू कला शाखेचा ना?’ प्रश्न रास्त आहे. माझा विषय इतिहास. परंतु आम्ही ओझरकर. १९६४ साली येथे विमानांचा कारखाना आला आणि गावाला ‘ओझर मिग’ असे जोडनाव मिळाले. मिग-२१ ही विमाने २०२५ च्या सप्टेंबरमध्ये हवाई दलातून निवृत्त झाली, तरी कारखान्यात नोकरीला असलेल्याविषयी ‘मिगमध्ये आहे’ असेच लोक अजून म्हणतात. अशा गावात कला शाखेच्या मुलालाही स्पॅनर हाती धरावा लागतो. गेल्या हिवाळ्यात तर तो धरणे भागच पडले, कारण प्रश्न नऊ हजार रुपयांचा होता.

ही रक्कम नानांनी टोमॅटोच्या पैशातून दादाला दिली होती. आमच्याकडे १९८९ सालची ३५० सी.सी.ची बुलेट आहे. दादा रोज तिच्यावरून पिंपळगावच्या बाजार समितीत जातो. गाडी निळा धूर सोडू लागली होती आणि नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट चढताना, मागे माणूस असला की दुसऱ्या गिअरवर येत होती. नानांचे म्हणणे, धूर बंद करा. दादाचे म्हणणे, हेड खोलतोच आहोत तर जरा ‘पॉवर’चे हेड बसवू. पैसे एकदाच मिळणार होते. शिवाय माझी दुसऱ्या सत्राची फी त्याच टोमॅटोतून जाणार होती, म्हणून मीही या वादात पडलो.

हेड म्हणजे सिलिंडरवरचे झाकण. कुकरच्या झाकणासारखे ते दाब कोंडून धरते; पण कुकरच्या झाकणाला एक शिटी असते, येथे दोन दरवाजे असतात. एकातून पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आत येते, दुसऱ्यातून जळालेला वायू बाहेर जातो. या दरवाजांना व्हॉल्व्ह म्हणतात. व्हॉल्व्ह ज्या कड्यावर टेकतो ती सीट, त्याची दांडी ज्या नळीतून वर-खाली होते ती गाईड, आणि त्याच्यापर्यंत येणारा बोगदा तो पोर्ट. इंजिनाची ताकद शेवटी एकाच गोष्टीवर ठरते: एका दमात किती हवा आत घेतली, आणि ती किती दाबून पेटवली. या दोन्ही गोष्टी हेडच्या हातात आहेत, म्हणून हेडला एवढे महत्त्व.

याचे उत्तम उदाहरण आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोरून गेलेले आहे. ते म्हणजे महिंद्राची जुनी जीप. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपच्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह खाली, सिलिंडरच्या शेजारी असत. हवा बाजूने येई, वळण घेई आणि मग सिलिंडरमध्ये शिरे. अश्वशक्ती होती ६०. पुढे त्याच इंजिनावर नवे हेड बसवून आत येणाऱ्या हवेचा व्हॉल्व्ह वर घेतला गेला आणि अश्वशक्ती ७० च्या पुढे गेली. खालचा ठोकळा जवळजवळ तोच राहिला. मात्र इंजिन उंच झाले, म्हणून १९५३ साली आलेल्या त्या जीपचे बॉनेटही उंच करावे लागले. महिंद्राने हीच उंच कपाळाची जीप आपल्याकडे कित्येक वर्षे बनवली. डोके बदलल्यामुळे चेहरा बदलला, असे हे उदाहरण आहे! दादाला मी हे सांगितले ती चूक झाली. त्याला वाटले, आपलेही असेच होणार.

आमच्यापुढे चार मार्ग होते: बाजारातले नवे हेड, जुन्या बाजारातले हेड, ५०० सी.सी.च्या बुलेटचे हेड, आणि आहे तेच हेड दुरुस्त करणे. दादाचे मन पाचशेच्या हेडवर बसले होते. व्हॉल्व्ह मोठे, म्हणजे हवा जास्त. हा तर्क ऐकायला बिनतोड वाटतो. ‘मिग’मधून निवृत्त झालेले एक फिटर काका आमच्या गल्लीत राहतात. त्यांनी वहीचे पान फाडून दादापुढे ठेवले आणि म्हणाले, ‘आधी हिशेब कर, मग पैसे काढ.’

हिशेब असा. तीनशे पन्नासचा बोर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९०, म्हणून पिस्टनच्या एका फेरीची जागा ३४६ घन सेंटिमीटर. पिस्टन अगदी वर आल्यावर त्याच्या माथ्यावर उरते ती मोकळी जागा. ती मोजण्यासाठी काकांनी दवाखान्यातली मोठी सिरिंज आणली. गाडी कलती करून प्लगचे भोक सर्वांत वर येईल अशी धरली, पिस्टन वर आणला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री केली आणि रॉकेल मिसळलेले पातळ तेल भोकातून सोडले. किती सिरिंजा गेल्या ते मी लिहून घेत होतो. रिंगांतून तेल झिरपते, त्यामुळे हे काम झटपट करावे लागते. आम्हाला तीनदा करावे लागले. सुमारे ७७ घन सेंटिमीटर भरले. ३४६ आणि ७७ यांच्या बेरजेला ७७ ने भागले की दाब-प्रमाण निघते, म्हणजे मिश्रण किती पट दाबले जाते तो आकडा: साडेपाच. कारखान्याचाही आकडा हाच आहे.

आता पाचशेचे हेड. त्या इंजिनाचा बोर ८४ मिलिमीटर, जागा ४९९ आणि दाब-प्रमाण साडेसहा. उलटा हिशेब केला तर मोकळी जागा सुमारे ९१ येते. पिस्टनचे माथे सारखे धरून तेवढी जागा तीनशे पन्नासवर ठेवली, तर दाब-प्रमाण ४.८ वर उतरते. वर हेडच्या पोकळीची कड बोरच्या बाहेर चारी बाजूंनी ७ मिलिमीटर लोंबणार. मोठे दरवाजे लावायचे आणि दाब घालवायचा, असा हा व्यवहार. दादा त्या दिवशी जेवताना बोलला नाही.

मग त्याने दुसरा डाव टाकला. हेड लेथवर फेस करून जागा कमी करायची, म्हणजे दाब वाढेल. आपल्या भागातील मुले आर.एक्स. १०० वर हे सर्रास करतात. १९८५ ते १९९६ या काळात निघालेली ही टू-स्ट्रोक गाडी आजही कॉलेजच्या फाटकात उभी राहिली की मुले गोळा होतात. तिचा बोर आणि स्ट्रोक दोन्ही ५० मिलिमीटर. टू-स्ट्रोकच्या हेडला व्हॉल्व्ह नसतात. एक पोकळी, एक प्लग आणि पंखे, एवढेच. माझ्या एका मित्राने नाशिकच्या एका दुकानात अवघे पाऊण मिलिमीटर हेड उतरवून घेतले. आठ दिवस गाडी बाणासारखी पळाली. नवव्या दिवशी दहाव्या मैलाजवळ बंद पडली, आणि खोलून पाहतो तो पिस्टनच्या माथ्याला भोक.

असे का झाले हे समजण्यासाठी पुन्हा हिशेब. तिच्या हेडमधली मोकळी जागा मुळात चहाच्या दोन चमच्यांएवढी. ५० च्या बोरवर पाऊण मिलिमीटर म्हणजे दीड घन सेंटिमीटर, म्हणजे जागेचा सहावा हिस्सा गेला. दाब एवढा वाढला की मिश्रण ठिणगीच्या ज्योतीची वाट पाहीना. दूरच्या कोपऱ्यातले मिश्रण आपणहून एकदम फुटू लागले. यालाच ठोकणे किंवा नॉकिंग म्हणतात. भांड्यात खडे हलवावेत तसा आवाज येतो, पण आर.एक्स.च्या सायलेन्सरपुढे तो कोणाला ऐकू येणार? त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉल ठोकणे कमी करते हे खरे. पण त्याच्यात स्वतःचा प्राणवायू असल्यामुळे जुन्या जेटमधून येणारे मिश्रण कोरडे पडते आणि कोरडे मिश्रण इंजिन तापवते. त्या मित्राने जेट बदललाच नव्हता. उसाच्या तालुक्यात राहून आपण इथेनॉलला नावे ठेवू शकत नाही, जेट मात्र बदलला पाहिजे.

बुलेटचे याच्या अगदी उलट. तिच्या ७० च्या बोरवर एक मिलिमीटर कमी केला तर ३.८५ घन सेंटिमीटर जातात. ७७ चे ७३ होतात आणि साडेपाचाचे होतात जेमतेम पावणेसहा. साडेसहापर्यंत जायचे तर साडेतीन मिलिमीटरहून अधिक उतरवावे लागेल, आणि तेवढे उतरवून हेड शिल्लक राहत नाही. त्यासाठी उंच माथ्याचा पिस्टन हाच मार्ग. आणि मिळणार काय? पुस्तकी सूत्राप्रमाणे साडेपाचाचे साडेसहा केल्यास कार्यक्षमता साडेसहा टक्क्यांच्या आसपास वाढते. १८ अश्वशक्तीच्या गाडीत म्हणजे एक घोडा आणि वर त्याचे शिंगरू.

नव्या हेडची किंमत आम्हाला आठ हजार सांगितली गेली, व्हॉल्व्ह वेगळे. म्हणून तो मार्ग संपला. जुन्या बाजारात साडेतीन हजारांत एक हेड मिळत होते. विक्रेत्याने ते घासूनपुसून चांदीसारखे केले होते. पैसे देण्याआधी एक दिवस घरी नेऊन पाहतो, असे सांगून आणले. काकांनी ते रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवले, सकाळी कोरडे पुसले आणि पोकळीत खडूची पूड भुरभुरली. आम्ही चहा घेऊन आलो तेव्हा पांढऱ्या पुडीवर प्लगच्या भोकापासून धुराड्याकडच्या सीटपर्यंत एक ओली रेघ उमटली होती, केसाएवढी बारीक. तडा गेलेल्या फटीत शिरलेले रॉकेल खडूने ओढून घेतले होते. विमानाच्या भागांवर हीच परीक्षा रंगीत द्रव लावून करतात, असे काका म्हणाले. खडू मात्र आमच्या शाळेतलाच होता. हेड परत गेले. विक्रेत्याने ते घेताना रेघेकडे पाहिलेही नाही.

राहिले आमचे जुने हेड. त्याची हीच परीक्षा केली, तडा नव्हता. दोष गाईडमध्ये सापडला. व्हॉल्व्हची दांडी गाईडमध्ये बोटाने हलत होती. उतारावर आपण ॲक्सिलरेटर सोडतो तेव्हा इंजिन हवा ओढू पाहते आणि हवा मिळत नाही. मग ते ढिल्या गाईडमधून वरचे तेल ओढते. म्हणून निळा धूर चढाला कमी आणि उताराला जास्त दिसत होता. रिंगा गेल्या असत्या तर तो जोर लावतानाही सुटला असता. धुराच्या सीटवर खड्डाही पडला होता. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे असे आणि त्याचा थर सीटला गादीसारखा उपयोगी पडे. २००० साली आपल्या देशात शिसे बंद झाले, ते आपल्या फुप्फुसांसाठी चांगलेच झाले. जुन्या मऊ सीटांना मात्र तेव्हापासून मार बसू लागला.

येथे काकांनी जी गोष्ट शिकवली ती मला सर्वांत मोलाची वाटते. हवा अडते कुठे? पोर्टमध्ये नव्हे, तर व्हॉल्व्हच्या अगदी कडेला, सीटपाशी. व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा भोवती गोल फट तयार होते. व्हॉल्व्ह त्याच्या व्यासाच्या चौथाईइतका उचलला की त्या फटीचे क्षेत्रफळ मागच्या भोकाएवढे होते. ४० मिलिमीटरचा व्हॉल्व्ह असेल तर १० मिलिमीटर उचल पुरते. त्याच्या खालच्या सर्व उचलीत फट हीच खिंड असते. म्हणून पोर्ट घासून आरशासारखा करण्यापेक्षा सीट नीट कापणे फायद्याचे. व्हॉल्व्ह टेकतो तेथे ४५ अंश, एका बाजूला ३० आणि दुसऱ्या बाजूला ६०, असे तीन कोन दिले की हवेला तीक्ष्ण कोपरा न लागता वळता येते. पोर्ट मोठा केला तर हवेचा वेगच मंदावतो आणि आपल्या रस्त्यावर, आपल्या वेगाला, गाडी उलट सुस्त होते. आम्ही पोर्टला हात लावला तो एवढ्यापुरताच की कार्ब्युरेटरचा तोंडाकडचा सांधा आणि पोर्ट यांच्यात एक पायरी होती. ती कानशीने काढली.

काशाचे गाईड, दोन नवे व्हॉल्व्ह, धुराच्या बाजूला नवी कठीण सीट, तीन कोनांचे कटिंग, पॅकिंग आणि मजुरी मिळून ४,२०० रुपये झाले. व्हॉल्व्ह बसवल्यावर पोर्टमध्ये रॉकेल ओतून पंधरा मिनिटे ठेवले; सीटमधून थेंब उतरला नाही. मेन जेट एक नंबर मोठा घातला. उरलेल्या पैशांत काकांनी दादाला ब्रेकचे लायनर आणि चेन बदलायला लावली. दादाला ते फारसे रुचले नाही. मी मनात म्हटले, मागे मीच बसणार आहे.

पाचशे किलोमीटर सावकाश चालवून आम्ही दोघे गडावर गेलो. नांदुरी सोडल्यावर जेथे दुसरा गिअर लागे तेथे तिसरा टिकला. दोन तीव्र वळणांवर मात्र खाली यावेच लागले. महामार्गावर वरचा वेग पूर्वीएवढाच आहे, फार तर चारपाच किलोमीटरचा फरक. वर पोचल्यावर आम्ही प्लग काढून पाहिला. टोक भाजलेल्या विटेच्या रंगाचे होते, म्हणजे मिश्रण बरोबर. उतरताना मी सारखा मागे वळून पाहत होतो. धूर नव्हता.

‘एवढेच?’ असे दादा घरी आल्यावर म्हणाला. पुढच्या टोमॅटोला उंच माथ्याचा पिस्टन घालायचा त्याचा बेत आहे. नानांना हे अजून ठाऊक नाही, आणि हा अंक घरी आणू नकोस असे त्याने मला बजावून ठेवले आहे.