परसातील कोंबडीचे अंडे अडकल्यास



उसाच्या पाहणीस आम्ही वस्त्यांवर जातो तेव्हा हमखास प्रश्न येतो, "साहेब, कोंबडी मऊ अंडं घालतीया, काय करावं?"

एका कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असते. नुसत्या ज्वारी-बाजरीतून ते पुरत नाही. मग कोंबडी ते आपल्या हाडांतून काढते. आधी कवच पातळ होते, पुढे ताकद कमी पडून अंडे आतच अडकते. अशी कोंबडी पिसे फुगवून, शेपूट पाडून बसते व सारखा जोर करते.

तिला 15-20 मिनिटे कोमट पाण्यात पोटापर्यंत बसवावे, मागे थोडे गोडेतेल लावावे, उबदार अंधारात ठेवावे. अंडे ओढू वा फोडू नये. आत जखम होऊन कोंबडी दगावते. काही तासांत सुटका न झाल्यास पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

खुराड्यात शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवावा. पाटसच्या उन्हाळ्यात धाप लागूनही कवच पातळ होते, म्हणून सावली व गार पाणी हवेच. अनेक कोंबड्यांची अंडी एकदम बिघडली तर मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, शंका घ्यावी. तिची लस रोग येण्यापूर्वीच टोचावी लागते.

अंड्यांचा पैसा घरच्या बाईच्या हातचा, तो जपावा.

— ऊस विकास अधिकारी