घरगुती उष्णता पंपाची निवड

उष्णता पंप हे हवा, पाणी किंवा जमीन यांतील उष्णता शोषून ती अधिक तापमानाच्या ठिकाणी पोहोचवणारे, विजेवर चालणारे उपकरण आहे. थंड देशांत त्याचा मुख्य उपयोग घर उबदार ठेवण्यासाठी होतो. महाराष्ट्रातील सातारा व सांगली जिल्ह्यांत मात्र घरगुती गरज प्रामुख्याने अंघोळीचे पाणी तापवण्याची असते. या कामासाठी येथे तांब्याचा बंब, विजेचा व गॅसचा गिझर आणि सौर जलतापक ही साधने प्रचलित आहेत.

कार्यपद्धती

विजेच्या गिझरमध्ये विजेचे थेट उष्णतेत रूपांतर होते. उष्णता पंपात वीज उष्णता वाहून नेण्यासाठी खर्ची पडते. प्रशीतक द्रव हवेतील उष्णता घेऊन वायुरूप होतो, कॉम्प्रेसर त्यावर दाब देऊन त्याचे तापमान वाढवतो आणि पाण्याला उष्णता देऊन तो पुन्हा द्रवरूप होतो. फ्रिजमध्येही हेच चक्र चालते. या तत्त्वाने उष्णता पुरवता येईल, हे लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५२ मध्ये मांडले होते.

मिळालेली उष्णता व खर्च झालेली वीज यांच्या गुणोत्तरास कार्यक्षमता गुणांक किंवा सीओपी म्हणतात. १०० लिटर पाणी २० अंश सेल्सिअसपासून ५० अंशांपर्यंत तापवण्यास सुमारे ३.५ युनिट उष्णता लागते. गिझरला त्यासाठी किमान तेवढीच वीज लागते. गुणांक ३ असलेल्या पंपाला सुमारे १.२ युनिट पुरते. रोज एवढे पाणी लागल्यास महिन्याला सुमारे ७० युनिट वाचतात. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० व ५०० युनिटांच्या टप्प्यांनी वाढत असल्याने ही बचत बिलातील सर्वांत महाग टप्प्यातून होते.

हवामानाचा परिणाम

हवा जितकी उबदार, तितका गुणांक अधिक असतो. त्यामुळे सांगली, मिरज किंवा कऱ्हाड येथे पंप पहाटेऐवजी दुपारी चालवून पाणी साठवणे किफायतशीर ठरते; छतावर सौर वीजसंच असल्यास त्याच वेळी स्वतःची वीजही उपलब्ध असते. सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वर येथे पावसाळ्यात दीर्घकाळ सूर्यदर्शन होत नाही व सौर जलतापक निष्प्रभ ठरतो. पंप त्या काळातही चालतो. तेथे हिवाळ्यात वेण्णा तलावाच्या परिसरात काही वेळा दवबिंदू गोठतात. म्हणून साचलेला बर्फ आपोआप वितळवण्याची सोय असलेला पंप तेथे आवश्यक असतो.

निवडीचे निकष

* गुणांक: तो हवेच्या व पाण्याच्या कोणत्या तापमानाला मोजला आहे, हे पाहावे. उन्हाळी हवेतील आकडा हिवाळ्यात मिळत नाही.
* तारांकन: साठवणीच्या विजेच्या गिझरवरील ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारे टाकीतून होणारी उष्णतागळती दर्शवतात. पाच तारे असलेला गिझरही उष्णता पंपाची जागा घेत नाही.
* टाकी: पंप पाणी सावकाश तापवतो. म्हणून कुटुंबाची सकाळची संपूर्ण गरज भागेल एवढी, उत्तम उष्णतारोधक आवरणाची टाकी घ्यावी.
* जागा: बाहेरील भागास मोकळी हवा लागते. नदीकाठी तो पूररेषेच्या वर बसवावा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती; तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे.
* पाणी: बोअरचे पाणी जड असल्यास क्षारांचे थर साचून गुणांक घटतो.
* प्रशीतक: आर-१३४ए पेक्षा आर-३२ चा व त्याहूनही प्रोपेनचा जागतिक तापमानवाढीवरील परिणाम कमी असतो. प्रोपेन ज्वलनशील असल्याने बसवणी प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच करावी.

मर्यादा

पंपाची खरेदी किंमत गिझरच्या कित्येक पट असते. दोन-तीन बादल्यांची गरज असलेल्या घरात ती वसूल होण्यास दीर्घ काळ लागतो, आणि भरपूर ऊन मिळणाऱ्या पूर्व भागात सौर जलतापक अधिक स्वस्त पडू शकतो. मोठे कुटुंब, वसतिगृह किंवा डोंगराळ पश्चिम भागातील घर यांसाठी पंप अधिक उपयुक्त ठरतो. पंपात ज्वलन होत नसल्याने बंबाचा धूर किंवा बंद न्हाणीघरातील गॅस गिझरमुळे उद्भवणारा कार्बन मोनॉक्साइडचा धोका राहत नाही.